हॅनाच्या निळ्या प्रतीमागे

दुबईच्या विमानतळावर नीलिमाने मला मिठी मारली आणि कानाशीच ओरडली, "झालं बाई एकदाचं, माधवी! शनिवारी शेवटचं पान टाइप केलं. आपली हॅना पोचली!"

त्या 'आपली'ने मला जे टोचलं, ते पुढचा आठवडाभर टोचतच राहिलं. या प्रवासात मी काय पाहिलं, काय खाल्लं हे सगळं सांगणार आहे. पण ते सगळं या टोचणीसकट पाहिलं आणि खाल्लं, हे आधीच सांगून टाकते.

हॅना माझी होती. निदान मी तसं धरून चालले होते. दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वीची ही बाई, मॉर्मन या ख्रिस्ती पंथातली. आपल्या पंथाच्या लोकांबरोबर अमेरिकेच्या माळरानातून हातगाडी ढकलत यूटाच्या खोऱ्यापर्यंत चालत गेली, आणि वाटेत मिळेल त्या कागदावर लिहीत राहिली. पुढे तिथे घर केलं, नवऱ्याने दुसरी बायको आणली, म्हातारपण आलं, तरी लिहीतच राहिली. मी पुण्याच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. लायब्ररीने काढून टाकलेल्या पुस्तकांच्या ढिगात मला तिची एक पातळ पुस्तिका मिळाली. घरच्यांनी छापलेली, आणि घरच्यांनीच भरपूर कात्री लावलेली. जागोजागी तीन-तीन टिंबं. मी अनुवाद करायला बसले आणि त्या टिंबांशी अडले.

मग शोध सुरू झाला. मूळ कागद झिजून गेलेले. त्यांच्यावरून कुणीतरी हाताने उतरवलेली प्रत होती, ती बेपत्ता. त्या प्रतीवरून पुढच्या पिढीतल्या एका लेकीने टाइपरायटरवर मजकूर उतरवला आणि कार्बन लावून भावंडांसाठी प्रती काढल्या. ईमेलवर ईमेल पाठवून मी त्या कार्बन प्रतींच्या मागे लागले. एक तळघरात पाणी शिरून गेली. एक कुणाच्या तरी सुनेने टाकून दिली. एकीचं उत्तरच आलं नाही. आणि मग एके दिवशी लोरेनबाईंचं पत्र आलं. हॅना त्यांची खापरपणजी. प्रत त्यांच्याजवळ होती आणि त्या होत्या संयुक्त अरब अमिरातीत, अल ऐनला. वर्षानुवर्षं तिथे नर्सिंगच्या मुलींना इंग्रजी शिकवत होत्या. आता नोकरी संपली होती, लेकीकडे अमेरिकेला परत जाणार होत्या. 'लवकर ये,' असं त्यांनी लिहिलं होतं.

लवकर जाणं मला जमेना. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. म्हणून मी नीलिमाला फोन केला. नीलिमा माझी कॉलेजची मैत्रीण, लग्न झाल्यापासून बर दुबई या जुन्या वस्तीत, एका कंपनीत एचआर बघते. तिला म्हटलं, एकदा अल ऐनला जा आणि मोबाइलवर पानांचे फोटो काढून पाठव. ती गेली. लोरेनबाईंनी फोटोला नकार दिला. पण इथे बसून वाच, हवं तर टाइप कर, म्हणाल्या. नीलिमा दर शनिवारी जायला लागली. एका फेरीचं काम होतं, ते हिवाळाभर चाललं.

आणि मी पुण्यात बसून तिचे मेसेज वाचत होते: 'आज भारी पान होतं! तू आलीस की वाचशीलच.'

बर दुबई

नीलिमाचं घर मीना बाजाराच्या मागच्या गल्लीत. खाली साड्यांची दुकानं, बाजूला उडप्याचं हॉटेल, चार पावलांवर देवळाची गल्ली. सकाळी तिथे झेंडूच्या हारांचा वास येतो आणि क्षणभर आपण तुळशीबागेच्या आसपास आहोत असं वाटतं. मग समोरून खाडीतल्या अब्रांच्या इंजिनांची फटफट ऐकू येते. अब्रा म्हणजे लाकडी नाव. मधोमध फळी, तिच्यावर पाठीला पाठ लावून बसायचं. भाडं एक दिरहम. "म्हणजे पंचवीसेक रुपये," नीलिमा लगेच मोठ्याने म्हणाली. इतकी वर्षं झाली तरी तिचं मनातलं यंत्र थांबलेलं नाही. आंब्यांच्या पेटीसमोर तर तिने असा गुणाकार केला की दुकानदारच म्हणाला, "मॅडम, रुपये में मत सोचो, आम खाओ."

नवरा मस्कतला गेला होता. घरात नीलिमा आणि तिची लेक इरा. मी इराला मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघींनाही त्यात काही अडायचं नाही. जेवताना इरा सहज म्हणाली, "आई रोज हॅनाबद्दल बोलते. Honestly, she's like a mavshi now."

मी आमटी वाढून घेतली. हॅना मावशी! कॉलेजात असताना नीलिमाने कवितेचा एक तास बसून ऐकला नव्हता. माझ्या नोट्सवर पास झाली होती ती.

अल ऐन

दुसऱ्या दिवशी नीलिमाने रजा काढली आणि आम्ही गाडीने निघालो. दुबई मागे पडली की वाळूचा रंग बदलत जातो. आधी फिकट, मग केशरी, मग चक्क विटकरी. कुंपणापलीकडे उंट होते. गाडीत एसी इतका की मी ओढणी गुंडाळून बसले. हॅना असाच उजाड मुलूख पायी तुडवत गेली असेल, असं काहीतरी मी म्हणणार, तोच नीलिमा म्हणाली, "तिच्या टाचा फुटल्या होत्या ना, तेव्हा तिने मेणबत्तीचं मेण ओतलं होतं त्यांत. मला तर इथून जाताना दर वेळी तेच आठवतं."

पुस्तिकेत मेण नव्हतं. तिथे तीन टिंबं होती.

अल ऐन हे शांत, बुटकं, पसरलेलं गाव. गोल चौक, झाडं, मागे हाफीतचा उघडा डोंगर. लोरेनबाई सत्तरी ओलांडलेल्या, उंच, पांढरे केस कापलेले. दारातच त्यांनी नीलिमाला जवळ घेतलं, "नीऽला!" म्हणाल्या, आणि माझ्याशी हात मिळवला. मी पुण्याहून खास आणलेली भेट पुढे केली: उत्तम चहाचे दोन डबे आणि चहाचा मसाला.

मॉर्मन लोक चहा-कॉफी पीत नाहीत. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझ्या अनुवादात त्याच्यावर टीपसुद्धा आहे. पण टिपेतलं ज्ञान हातातल्या पिशवीपर्यंत पोचलं नव्हतं. लोरेनबाई मनापासून हसल्या. "माझ्या शेजारणीला देईन हं, तिला आवडतो," म्हणाल्या. आणि नीलिमाने आपल्या पिशवीतून कोकम सरबताची बाटली काढली. ती कुठे ठेवायची हे तिला विचारावं लागलं नाही. तिने सरळ फ्रिज उघडला.

जेवायला लोरेनबाईंनी भाजलेले मऊ पाव होते, त्यांवर लोणी आणि खजुराची काकवी. बरोबर बटाटा, साय आणि चीज यांचा एक जड, चविष्ट प्रकार. आपल्याकडे पाहुण्याला आग्रह करकरून वाढतात; इथे भांडी मध्ये ठेवली होती आणि ज्याने-त्याने घ्यायचं. आधी हात जोडून प्रार्थना झाली. नीलिमाने डोळे मिटले होते, सवयीने. मी उघड्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत होते.

जेवण झाल्यावर लोरेनबाई माझ्याकडे वळल्या. त्यांचं इंग्रजी मी मराठीतच देते.

"तुझ्या पुस्तिकेत शेवटी 'ई.ने उतरवले' असं छापलंय ना? ई. कोण, काय वाटतं तुला?"

"लेक," मी म्हणाले. "एमिली." हे मी एका निबंधात ठासून लिहिलंही होतं.

"एमिली तेव्हा गेलेली होती. ई. म्हणजे एल्सी. दुसरी बायको. हॅनाची दृष्टी गेली तेव्हा ते सगळे चिठोरे एल्सीने बसून उतरवले. हॅनाने एल्सीबद्दल जे जे लिहिलं होतं, तेसुद्धा. तुझ्या त्या टिंबांत बहुतेक ठिकाणी एल्सीच आहे. घरच्यांना लाज वाटली, त्यांनी काढलं. एल्सीने मात्र नव्हतं काढलं."

हॅनाने जिचा द्वेष केला, तिनेच तो द्वेष अक्षर न अक्षर उतरवून ठेवला होता, आणि म्हणून तो उरला होता. मी नीलिमाकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. नाटक बघायला आलेल्या माणसासारखी ती माझा चेहरा बघत होती. आणि नाटक आवडलेलं दिसत होतं.

"आता प्रत दाखवता?" मी विचारलं.

लोरेनबाई ओशाळल्या. सामान नेणारी माणसं ठरल्याच्या एक दिवस आधीच आली होती. कपाट रिकामं करताना खणातली प्रतही खोक्यात गेली आणि खोकी दुबईला अल क्वोजच्या गोदामात. "नीलाने केलेलं टाइप आहे की," त्या म्हणाल्या. नीलिमाने कागदांचा जाड गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. स्वच्छ, मोठ्या अक्षरात, पानांचे आकडे घातलेले.

"मी मूळ प्रत बघेन," मी म्हणाले. गठ्ठ्याला हातही लावला नाही.

निघण्यापूर्वी लोरेनबाई आम्हाला खजुरांच्या बागेत घेऊन गेल्या. दाट सावली, आणि झाडांच्या बुंध्यांतून वाहणारे दगडी पाट. कोकणात सुपारीच्या बागेला देतात तसंच पाटाचं पाणी. लोरेनबाई आणि नीलिमा पुढे हातात हात घालून चालत होत्या. पाण्याचा आवाज फार सुंदर होता. मला तो नीट ऐकू आला नाही.

परतीच्या वाटेवर

अर्ध्या वाटेवर मला राहवलं नाही. "तुला एल्सीचं माहीत होतं. इतके महिने. मला फोनवर का नाही सांगितलंस?"

"तुझं तुला कळावं म्हणून," नीलिमा म्हणाली. "लोरेनलाही मीच सांगितलं होतं, तुम्हीच सांगा. तिची इतक्या वर्षांची मेहनत आहे, म्हटलं. मी मधेच कशाला?"

तिने स्वतःसाठी लपवलं असतं, मिरवलं असतं, तर रागावणं सोपं झालं असतं. तिने माझा आनंद माझ्यासाठी जपून ठेवला होता, आणि जपायला तो आधी तिच्याकडे होता, हेच मला सहन होत नव्हतं. पेट्रोल पंपावर तिने मला विचारलं, "चहा घेशील ना? सकाळपासून नाही मिळालेला." करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा होता, कागदी पेल्यातला. मी दोन घेतले आणि तरीही तिच्याशी धड बोलले नाही.

अल क्वोज

अल क्वोज म्हणजे गोदामं, गॅरेज, पत्र्याच्या शेड आणि कामगारांच्या राहण्याच्या इमारती. गॅलऱ्यांच्या कठड्यांवर वाळत घातलेले एकसारखे निळे डगले. एप्रिल संपत आला होता आणि दुपारी ऊन असं की गाडीच्या दाराला हात लावता येईना. गोदामाचा सुपरवायझर मलयाळी होता. नीलिमाने त्याच्याशी फोनवर आधीच हिंदीत बोलून ठेवलं होतं. "खोलो, देखो, पर वापस वैसा ही पॅक करना," तो म्हणाला, आणि एक पंखा आमच्याकडे वळवून गेला.

प्रत मीच शोधली. हे मुद्दाम लिहून ठेवते. 'किचन' लिहिलेल्या खोक्यात, पावाच्या साच्यांच्या मध्ये, उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली. कांद्याच्या पापुद्र्यासारखा कागद आणि त्यावर फिकट निळी अक्षरं, कडांशी किंचित विरघळल्यासारखी. मी गोदामाच्या फरशीवरच बसले आणि पहिलं पान उचललं. आणि माझ्या कपाळावरचा घामाचा थेंब टपकन पानावर पडला.

मी घाबरून बोटाने पुसायला गेले. निळं पसरलं. एक शब्द गेला.

"बोट नको लावू!" नीलिमाने टिश्यू काढून अलगद टेकवला. मग माझा चेहरा पाहून हलकेच म्हणाली, "असू दे. तिथे 'ब्लँकेट' होतं. 'आम्हा तिघींत एक ब्लँकेट'. मला पाठ आहे."

पुणे सोडून, आईला भावाकडे ठेवून, मी इतक्या लांब आले होते. जगातल्या एकमेव उरलेल्या प्रतीतला एक शब्द मी पुसला होता आणि तो आता फक्त नीलिमाच्या डोक्यात आणि तिच्या गठ्ठ्यात होता. त्या क्षणी मला ती मुळीच आवडत नव्हती. मी "थँक्स" म्हणाले.

बर दुबई, पुन्हा

लोरेनबाईंचं विमान गुरुवारी होतं. तोवर प्रत आमच्याकडे ठेवायला त्यांनी परवानगी दिली. नीलिमा ऑफिसला गेली की मी जेवणाच्या टेबलावर डावीकडे निळी प्रत आणि उजवीकडे नीलिमाचा गठ्ठा ठेवून बसायचे. कामाच्या नावाने मी काय करत होते ते सांगते: मी तिच्या चुका शोधत होते.

पण वाचता वाचता हॅना मला धरून ठेवायची. एल्सी घरात आल्यानंतरची पानं फार वाईट होती. एल्सीचे केस कसे दाट, तिची भाकर कशी फुगते, नवरा तिच्या खोलीकडे जाताना बूट कसे हातात घेतो. हॅना तिचं नाव लिहीत नाही, नुसतं 'ती'. मला ते सगळं इतकं समजत होतं की मी एक-दोनदा खिडकीशी जाऊन उभी राहिले. खाली लोक साड्यांचा भाव करत होते.

बुधवारी दुपारी चूक सापडली. निळ्या प्रतीतलं एक वाक्य गठ्ठ्यात नव्हतं. एल्सीचं तान्हं मूल तापात गेलं, त्या दिवसाचं. हॅनाने लिहिलं होतं की बातमी कळली तेव्हा तिला सगळ्यांत आधी सुटल्यासारखं वाटलं. रडू नंतर आलं.

नीलिमा ऑफिसमधून आली. तिला पाणीही पिऊ न देता मी पान समोर धरलं. "हे राहिलंय."

तिने पाहिलं. "राहिलं नाही गं. मी सोडलं."

"सोडलं?"

"तीनदा टाइप करायला घेतलं. माझ्या बोटांतून उतरेना ते." ती खुर्चीत बसली. "मला हॅना इतकी आवडते ना. तिच्या नावावर हे कशाला, असं वाटलं."

"नीलिमा, ज्या बाईचं मूल गेलं तिने स्वतःच्या हाताने हे वाक्य उतरवलं. तिने सोडलं नाही. आणि तू सोडलंस? मग त्या पुस्तिकावाल्यांत आणि तुझ्यात फरक काय?"

माझा आवाज चढला होता. इरा खोलीतून डोकावली आणि परत आत गेली. मी अगदी बरोबर बोलत होते, आणि बरोबर बोलण्याची मला इतकी मजा येत होती की माझी मलाच भीती वाटली.

नीलिमाने लॅपटॉप उघडून माझ्याकडे सरकवला. "तुझं बरोबर आहे. तू घाल. माझ्याच्याने नाही होणार."

मी घातलं. माझ्या बोटांतून ते सहज उतरलं.

गुरुवारी दुपारी लोरेनबाई निरोप घ्यायला आल्या. "थाऽलीपीठ," त्यांनी दारातूनच मागणी केली, आणि नीलिमाने भाजणी आधीच भिजवलेली होती. लोण्याचा गोळा, लसणाची चटणी. लोरेनबाई हाताने तुकडे मोडत जेवल्या. मग हात धुऊन आल्या आणि अभ्र्यातली प्रत मांडीवर घेऊन बसल्या.

"माझ्या लेकीला यात रस नाही," त्या म्हणाल्या. "लायब्ररीत दिली तर खोक्यात जाईल. आमच्या घरात ही नेहमी बाईने बाईला दिली आहे. तुम्हा दोघींपैकी कुणाला देऊ?"

मला वाटलं होतं त्या नीलिमाचंच नाव घेतील. माझं मन त्याची तयारी करत होतं. उदार हसू कसं आणायचं, काय बोलायचं. पण मी तोंड उघडायच्या आत नीलिमा म्हणाली, "माधवीला. तिचीच आहे ती."

लोरेनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "आणि तू काय म्हणतेस?"

वाचणाऱ्याला वाटेल की इथे मी नको म्हणाले असेन. दोघींत ठेवू, नीलिमाचा हक्क जास्त आहे, असं काहीतरी. खरं सांगायचं तर ती वाक्यं माझ्या मनात आलीही. मी हात पुढे केले आणि प्रत घेतली. "थँक यू," म्हणाले. नीलिमा ताटं उचलायला लागली.

विमानतळावर मला सोडायला आली तेव्हा नीलिमाने मला घट्ट धरलं. मीही धरलं. हॅण्डबॅग मात्र खांद्यावरून खाली ठेवली नाही.

पुणे

परत येऊन आता काही महिने झाले. अनुवाद संपत आलाय. नीलिमा रविवारी फोन करते आणि म्हणते, "वाच ना, कुठे आलीयस ते." मी वाचते. इंग्रजी पान न् पान तिचं आधीच वाचून झालंय. पण मराठी हॅना तिला माझ्याच तोंडून ऐकावी लागते, आणि हे मला आवडतं, हेही लिहूनच टाकते.

गेल्या रविवारी मी शेवटचं पान वाचलं. हॅनाला आता दिसत नाही. ती सांगते आहे, एल्सी लिहिते आहे. ताप, भाकर, बूट, मेलेलं मूल, सगळं उतरवून झालंय, आणि एल्सी ते पहिल्यापासून तिला वाचून दाखवते. शेवटची ओळ मी वाचली: 'एल्सीने सगळं वाचून दाखवलं. मला काही बदलायचं नाही.'

पलीकडे नीलिमाने ती ओळ स्वतःशी पुटपुटून पाहिली. मग म्हणाली, "माधवी, 'बदलायचं' नको गं. 'खोडायचं' म्हण. 'मला काही खोडायचं नाही.' एल्सीसमोर बसलीय ना ती."

दुपारचं ऊन टेबलावर आलं होतं. निळं पान समोर होतं, त्याच्या शेजारी माझं हस्तलिखित. इतक्या महिन्यांत तो शब्द मला का सुचला नाही, म्हणून ती मला पुन्हा आवडेनाशी झाली, गोदामात झाली होती तशीच.

"बघते," मी म्हणाले.

म्हणेपर्यंत माझ्या पेन्सिलीने शब्द बदलला होता.